खोल समुद्रातल्या नव्या प्रजातीला नाव मिळतं ते कसं?

२०२४ च्या अखेरीस एक बातमी बरीच फिरली होती, की चिलीसमोरच्या अटाकामा ट्रेंचमध्ये, म्हणजे पॅसिफिकच्या तळाशी जो लांबलचक खोल खड्डा आहे तिथे, एक नवीन शिकारी प्राणी सापडला. कोळंबीसारखा दिसणारा, फिकट पांढरा, जेमतेम चार सेंटीमीटरचा, आणि नाव डल्सिबेला कामांचाका. बातमीत शब्द होता "सापडला", आणि वाचणाऱ्याला असंच वाटतं की कुणीतरी पाण्यात कॅमेरा सोडला, प्राणी दिसला, नाव ठेवलं, झालं काम. प्रत्यक्षात ते प्राणी २०२३ मध्येच अबाते मोलिना नावाच्या जहाजावर वर आले होते, ७,९०२ मीटर खोलीवरून, आणि होते फक्त चार. तिथून ते नाव छापून येईपर्यंत जे काही झालं ना, तेच खरं विज्ञान आहे आणि त्याबद्दल बातम्यांमध्ये जवळपास काहीच येत नाही. म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं.

आधी हा प्राणी आहे कोण ते बघू. डल्सिबेला ही अ‍ॅम्फिपॉड नावाच्या गटातली. अ‍ॅम्फिपॉड हे खेकडा, कोळंबी, शेवंड यांच्याच मोठ्या खानदानातले, म्हणजे कवचवाले, सांधेदार पायांचे. पण कोळंबीला डोकं आणि छाती मिळून वरून एक सलग कवच असतं, तसं यांना नसतं, यांचं अंग सुट्ट्या सुट्ट्या पट्ट्यांचं असतं आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं. कोकणात किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ उचललं की खालून बारीक बारीक काहीतरी उड्या मारत पळतं, त्यात बऱ्याचदा अ‍ॅम्फिपॉडच असतात. जगात त्यांच्या दहा हजारांच्या वर प्रजातींना नावं मिळालीयत. बहुतेक सगळे काही मिलिमीटरचे, पण खोल समुद्रात अ‍ॅलिसेला गिगँटिया नावाचा एक आहे तो ३४ सेंटीमीटरपर्यंत जातो. आणि खोल म्हणजे किती तर मारियाना ट्रेंचच्या चॅलेंजर डीपमध्ये, जवळजवळ अकरा किलोमीटरवर, जिथे मासे केव्हाच संपलेले असतात, तिथेही हिरोंडेलिया गिगास नावाचा अ‍ॅम्फिपॉड झुंडीने येतो. वरून मेलेला मासा पडला की काही तासांत फडशा.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खेकड्या-कोळंब्यांची पिल्लं आधी अळीच्या रूपात असतात आणि प्रवाहाबरोबर कुठल्या कुठे वाहून जातात, त्यामुळे एकच प्रजाती हजारो किलोमीटर पसरू शकते. अ‍ॅम्फिपॉडमध्ये ही वाहून जाणारी अळीच नाही. मादीच्या पोटाखाली, पायांच्या मधे, एक पिशवी असते, अंडी त्यातच उबतात आणि बाहेर येतं ते थेट छोटं अ‍ॅम्फिपॉड, आईसारखंच. मग ते जाणार किती लांब? आता ट्रेंचचा विचार करा, आजूबाजूचा तळ चार-पाच हजार मीटरवर आणि मधेच आठ-दहा हजार मीटरची खोल चीर, पुढची तशी चीर कुठेतरी हजारो किलोमीटरवर. आठ हजार मीटरवर दाब आपल्या हवेच्या दाबाच्या साधारण आठशे पट, तो सोसणारं शरीर घेऊन मधल्या उथळ भागातून पलीकडच्या ट्रेंचमध्ये जाणं सोपं नाही. त्यामुळे प्रत्येक ट्रेंचमध्ये तिथलीच अशी काही मंडळी तयार झालेली असण्याची शक्यता खूप. अटाकामातून हिरोंडेलियाच्याच तीन नव्या प्रजाती २०१५ मध्ये वर्णन झाल्या, २०२१ मध्ये युरिथेनिस अटाकामेन्सिस नावाचा आठ सेंटीमीटरच्या वर जाणारा मोठा मुडदेखाऊ अ‍ॅम्फिपॉड आला, आणि मग ही डल्सिबेला. तीही अशी वेगळी की तिच्यासाठी नवीन जीनस काढावी लागली. जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, वैज्ञानिक नावातला पहिला शब्द तो.

आता वर आणतात कसं. आठ किलोमीटर केबल सोडून जाळं ओढायचं म्हणजे जहाजाचा अख्खा दिवस जातो आणि वर येईपर्यंत नाजूक प्राण्यांचे पाय, मिशा तुटलेल्या असतात, आणि पुढे दिसेलच की पाय तुटला म्हणजे अर्धी माहिती गेली. म्हणून ट्रेंचमध्ये जास्त करून लँडर वापरतात. लँडर म्हणजे एक धातूची फ्रेम, तिला कॅमेरा, सेन्सर, सापळे लावलेले, वर तरंगणारे काचेचे गोळे आणि खाली वजनं. जहाजावरून सोडून द्यायची, कुठलीही दोरी नाही, ती आपली बुडत बुडत काही तासांत तळाला जाते. सापळ्यात आमिष म्हणून बहुतेक वेळा मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याचाच भाऊबंद. तासन्‌तास तशीच ठेवायची, मग जहाजावरून आवाजाचा सिग्नल पाठवायचा, तो मिळाला की वजनं सुटतात आणि फ्रेम तरंगत वर येते. सिग्नल लागला नाही तर सगळं गेलं, यंत्रं पण आणि नमुने पण.

यात एक मर्यादा आहे ती समजून घ्यायला हवी. आमिष लावलं की येणार कोण, तर मेलेलं खाणारे. जो प्राणी जिवंत शिकार करतो किंवा चिखल चाळून खातो तो सापळ्याकडे फिरकेलच असं नाही. म्हणूनच डल्सिबेलाचं एवढं कौतुक झालं, कारण ती शिकारी आहे, तिचे पुढचे पाय झडप घालून पकडायला बनलेत आणि ती छोट्या अ‍ॅम्फिपॉड्सवरच जगते, आणि एवढ्या खोलीवर सक्रिय शिकार करणारा एवढा मोठा अ‍ॅम्फिपॉड आधी माहीत नव्हता. चिखलात राहणाऱ्या बारीक प्रजातींसाठी तळावरून घसरत जाणारी स्लेज वापरतात, ती तळाच्या अगदी वरचा थर आणि त्यातले प्राणी जाळीत गोळा करते.

डेकवर आल्यावर घाई असते. तळाशी पाणी एक-दोन डिग्रीचं, वर येताना गरम होत जातं, प्राणी बहुतेक मेलेलेच येतात आणि डीएनए लगेच खराब व्हायला लागतो. म्हणून ताबडतोब थंड इथेनॉलमध्ये किंवा डीप फ्रीझरमध्ये. पूर्वी सगळं फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे, त्यात शरीराचा आकार मस्त टिकतो पण डीएनएची वाट लागते, त्यामुळे म्युझियममधल्या कित्येक जुन्या बरण्या आज जेनेटिक्ससाठी जवळपास मुक्या आहेत. प्रत्येक बरणीत आत लेबल, कुठलं जहाज, कुठलं स्टेशन, अक्षांश, रेखांश, खोली, तारीख. ही चिठ्ठी हरवली तर प्राणी कितीही दुर्मिळ असो, शास्त्राच्या दृष्टीने त्याची किंमत जवळजवळ शून्य.

मग येतं टेबलावरचं काम, आणि मला स्वतःला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो कारण यात मशीनपेक्षा हात आणि डोळे लागतात. अ‍ॅम्फिपॉड ओळखायचा म्हणजे त्याचे अवयव एकेक करून बघायचे. दोन जोड्या मिशा. तोंडाचे भाग, म्हणजे जबडे, त्यामागचे दोन जोड्या बारीक तोंडपाय, आणि त्यांच्यावर झाकण घालणारी आणखी एक जोडी. मग पकडीसारख्या पायांच्या दोन जोड्या, चालायच्या पायांच्या पाच, त्यातले काही पुढे वळलेले आणि काही मागे. पोहायच्या पायांच्या तीन जोड्या, मागे ढकलायच्या आखूड पायांच्या तीन, आणि सगळ्यात शेवटी शेपटीवरची एक चिमुकली पट्टी, तिला टेल्सन म्हणतात, ती अखंड आहे की मधे चिरलेली आणि चिरलेली तर किती खोल, यावरून पण प्रजाती बदलते. हे सगळं स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बारीक सुया आणि चिमट्यांनी सोडवायचं, आणि प्राणी कधी कधी तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. बहुतेक करून एका बाजूचे अवयव काढतात आणि दुसरी बाजू तशीच ठेवतात, म्हणजे पुढे कुणाला शंका आली तर पूर्ण बाजू बघता येईल. काढलेला एकेक अवयव काचेच्या स्लाइडवर, त्याला नंबर.

आणि मग ड्रॉइंग. हो, २०२० च्या दशकातही हे लोक चित्रं काढतात. फोटो का नाही चालत? तर फोटोत एक पातळी फोकसमध्ये येते बाकीची धूसर, वर प्राणी अर्धपारदर्शक, केसावर केस चढलेले दिसतात. चित्र काढणारा माणूस फोकस वरखाली करत करत ठरवतो की इथे खरंच तीन काटे आहेत की दोन काटे आणि एक सावली, आणि तो निर्णय रेषेत उतरतो. मायक्रोस्कोपला कॅमेरा ल्युसिडा नावाची आरशांची जोडणी लावतात, त्यातून प्राणी आणि स्वतःचा हात-पेन्सिल एकाच वेळी दिसतं, त्यावरून गिरवायचं. नंतर पूर्वी शाईने, आता ग्राफिक टॅबलेटवर. बर्लिनच्या म्युझियममधल्या ऑलिव्हर कोलमन या अ‍ॅम्फिपॉड तज्ज्ञाने २००३ मध्ये कॉम्प्युटरवर अशी चित्रं कशी काढायची याची पद्धत लिहून काढली, आज अनेक जण तीच वापरतात. जबड्यावर दात किती, पकडीच्या कडेला काटे किती, पायाच्या मुळाशी ढालीसारखी चकती असते तिचा कोपरा गोल की टोकदार, हे सगळं मोजून काढायचं. एका प्रजातीला अशी चित्रांची पानंच्या पानं लागतात आणि त्यात आठवडे जातात. आता कॉन्फोकल मायक्रोस्कोप आणि मायक्रो सीटी स्कॅन आले, त्यामुळे न कापता आतलं बाहेरचं बघता येतं, ते एकच एक नमुना असेल तेव्हा फार उपयोगी पडतं, पण रेषांची चित्रं काही सुटलेली नाहीत.

चित्र झालं म्हणजे नवीन प्रजाती सिद्ध झाली असं नाही. आता सिद्ध करायचंय की हा आधी कुणी वर्णन केलेला नाही. त्यासाठी त्या गटावर आजवर छापलेलं सगळं वाचायचं, १८०० च्या आसपासपासूनचं, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, रशियन. जुनी वर्णनं दोन-चार ओळींची असतात, "शरीर गुळगुळीत, डोळे मोठे" एवढंच, त्यात कुठलीही प्रजाती बसेल. मग शेवटी ज्या मूळ नमुन्यावरून ते वर्णन केलं होतं तो म्युझियममधून मागवायचा नाहीतर तिथे जाऊन बघायचा. शिवाय पिल्लू आणि मोठा प्राणी वेगळे दिसतात, नर-मादी वेगळे दिसतात, तेव्हा आपण ज्याला नवीन म्हणतोय तो जुन्याचंच पिल्लू तर नाही ना हेही तपासायचं.

हे किती गुंतागुंतीचं होऊ शकतं त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे युरिथेनिस ग्रिलस. याचं पहिलं वर्णन १८२२ मध्ये झालं, आणि तो नमुना कुठे मिळाला होता, तर ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळ एका समुद्रपक्ष्याच्या पोटात. नंतर आर्क्टिक, अटलांटिक, पॅसिफिक, अंटार्क्टिका, जिथे जिथे खोल पाण्यात आमिष टाकलं तिथे तिथे हा मोठा लालसर अ‍ॅम्फिपॉड आला आणि सगळ्यांनी त्याला युरिथेनिस ग्रिलसच म्हटलं. दीडशे-पावणेदोनशे वर्षं असं मानलं गेलं की ही एकच प्रजाती जगभर पसरलीय. मग २०१३ मध्ये शार्लोट हावरमान्स आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या समुद्रातल्या नमुन्यांचा डीएनए लावून बघितला, तर एका नावाखाली प्रजातीच्या दर्जाचे नऊ वेगवेगळे गट निघाले. आणि वेगळेपणा नुसता समुद्रांमधे नव्हता, खोलीनुसार पण होता, साधारण ३,००० मीटरच्या वरचे वेगळे आणि खालचे वेगळे. एकाच जागी, वरपासून खालपर्यंतच्या सलग पाण्यात, मधे कुठलीही भिंत नसताना.

डीएनएने सांगितलं वेगळे आहेत, पण नाव नुसत्या डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षावरून सहसा देत नाहीत. परत टेबलावर बसून शरीरात फरक शोधावा लागला, पाठीवरचा उंचवटा, चकतीचा आकार, पकडीचा कोन असले बारीक फरक, आणि २०१५ मध्ये युडेकेम डाकोझ आणि हावरमान्स यांनी त्यातल्या काहींना नावं दिली. त्यात दक्षिण महासागराच्या खोल पाण्यातली एक आहे युरिथेनिस अंधकारी, लॅटिन वळणाने लिहिलेला आपला अंधकार, थेट संस्कृतातून घेतलेला. बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाच्या बाजूच्या प्राण्याला हा शब्द निवडला हे वाचून मला खरंच आनंद झाला होता. योगायोग म्हणजे अँडीजच्या लोकांच्या भाषांमध्ये कामांचाकाचा अर्थही अंधारच.

डीएनएचं काम साधारण असं चालतं की प्राण्याचा एखादा पाय घ्यायचा, त्यातून माइटोकाँड्रियातल्या सीओआय नावाच्या जीनचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि जगभरच्या डेटाबेसशी जुळवायचा. यालाच बारकोडिंग म्हणतात. जुळलं तर ओळख पटली, पण खोल समुद्राच्या बाबतीत बहुतेक वेळा काहीच जुळत नाही, कारण डेटाबेसमध्येच त्या प्राण्याचं कुणी नसतं. आणि चुकीच्या नावाने टाकलेला बारकोड असेल तर पुढचे सगळे तीच चूक पुढे नेतात. म्हणून दोन्ही बाजू लागतात, शरीर आणि डीएनए. डल्सिबेलाच्या बाबतीतही कन्सेप्सिऑन विद्यापीठातल्या मिलेनियम ओशनोग्राफी इन्स्टिट्यूटच्या टीमने आणि अमेरिकेतल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या जोहाना वेस्टनने दोन्ही मिळून बघितलं, तेव्हाच नवीन जीनस म्हणायचं धाडस केलं.

नाव देण्याचे नियम पण कडक आहेत. प्राण्यांच्या नावांसाठी एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिच्यानुसार नाव छापील वर्णनासकट प्रसिद्ध व्हावं लागतं, ही नवीन प्रजाती आहे असं स्पष्ट लिहावं लागतं, आणि एक नमुना होलोटाइप म्हणून ठरवावा लागतो. होलोटाइप म्हणजे त्या नावाचा कायमचा आधार. पुढे शंभर वर्षांनी कुणी म्हणालं की हे तर दोन वेगळे प्राणी आहेत, तर नाव कुणाचं राहणार हे त्या एका नमुन्यावरून ठरतं. बाकीचे सोबतचे नमुने पॅराटाइप. हे सगळे म्युझियममध्ये जमा करायचे, नंबर पेपरमध्ये द्यायचा. फक्त ऑनलाइन छापत असाल तर झूबँक नावाच्या नोंदवहीत आधी नोंद हवी, हा नियम २०१२ पासूनचा. दोघांनी एकाच प्राण्याला दोन नावं दिली असतील तर आधीचं टिकतं. स्वतःचंच नाव द्यायला नियमाने बंदी नाही पण कुणी देत नाही, तसा संकेत आहे. आणि हे सगळं व्हायच्या आधी पेपर त्या गटाच्या दुसऱ्या तज्ज्ञांकडे तपासायला जातो, आणि अ‍ॅम्फिपॉडच्या एखाद्या कुळाचे तज्ज्ञ जगात मोजकेच असतात, त्यामुळे तिथेही महिने जातात. सगळ्या सजीवांचा मिळून २०१२ मध्ये एक हिशोब झाला होता, नमुना पहिल्यांदा गोळा केल्यापासून त्याला नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं लागतात. डल्सिबेलाचं दीड-दोन वर्षांत झालं म्हणजे खरोखर वेगात झालं.

कधी कधी नाव देताना शास्त्रज्ञ मुद्दाम काहीतरी सांगतात. २०२० मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या टीमने मारियाना ट्रेंचमधल्या ६,००० ते ७,००० मीटरवरच्या एका नव्या युरिथेनिसला प्लॅस्टिकस नाव दिलं. नमुने २०१४ चे. त्यातल्या एका पिल्लाच्या आतड्याच्या शेवटच्या भागात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जरा मोठा एक धागा निघाला, आणि तपासल्यावर तो पीईटीशी मिळताजुळता निघाला, म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि पॉलिएस्टरचे कपडे ज्याचे बनतात ते. शास्त्राने ओळखायच्या आधीच त्या प्रजातीच्या पोटात आपलं प्लॅस्टिक पोचलं होतं. हे वाचून वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं. त्याच टीमने पॅसिफिकच्या कडेच्या सहा ट्रेंचमधले ९० अ‍ॅम्फिपॉड तपासले होते तर ६५ जणांच्या पोटात माणसाने बनवलेले तंतू किंवा कण होते. त्याआधी २०१७ मध्ये अ‍ॅलन जेमिसन यांच्या गटाने दाखवलं होतं की मारियानाच्या तळच्या अ‍ॅम्फिपॉड्समध्ये पीसीबी, म्हणजे १९७० च्या दशकापासून बंदी येत गेलेली विषारी औद्योगिक रसायनं, इतकी साठलीयत की चीनच्या अतिशय प्रदूषित ल्याओ नदीच्या पाण्यावरच्या भातखाचरांतल्या खेकड्यांपेक्षा पन्नास पटीपर्यंत जास्त. आता असे निष्कर्ष काढताना प्राणी कोणता हे पक्कं माहीत असावं लागतं, कारण एक प्रजाती फक्त मेलेलं खाते, दुसरी शिकार करते, एक जास्त जगते, दुसरी कमी, त्यावर शरीरात किती विष साठणार ते ठरतं. एका ट्रेंचमधली एक आणि दुसऱ्या ट्रेंचमधली भलतीच प्रजाती एकाच नावाने मोजली तर तुलनाच चुकते.

पण नावाची सगळ्यात निकडीची गरज आहे ती ट्रेंचमध्ये नाही, खाणकामाच्या पट्ट्यात आहे. हवाई आणि मेक्सिकोच्या मधे क्लॅरियन-क्लिपरटन नावाचा भाग आहे, साधारण साठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जवळजवळ दुप्पट. तिथे चार-साडेपाच हजार मीटरवर तळावर बटाट्याएवढे काळे गोटे पसरलेत, त्यात मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं. बॅटऱ्यांसाठी ते हवेत. हे गोटे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. त्यांच्यावर, त्यांच्या खाली आणि आजूबाजूच्या चिखलात कोण राहतं याचा २०२३ मध्ये हिशोब झाला, तर तिथून ५,५७८ वेगवेगळ्या प्रजाती गोळा झाल्यात आणि त्यातल्या सुमारे ९० टक्क्यांना नाव नाही. त्या बरण्यांमध्ये आहेत, रिपोर्टमध्ये "अ‍ॅम्फिपॉड प्रजाती क्रमांक १४" असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि एका कंपनीच्या रिपोर्टमधला क्रमांक १४ दुसऱ्या देशाच्या रिपोर्टमधल्या क्रमांक ३ शी एकच आहे की नाही हे सांगता येत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलं की जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहूनही तुमचा हक्क कागदावर दिसत नाही, तसं या प्राण्यांचं झालंय. ही प्रजाती फक्त इथेच आहे का, किती लांबपर्यंत आहे, खाणकामाने संपेल का, यातला एकही प्रश्न नावाशिवाय नीट विचारता येत नाही. धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत पण नाव असलेलाच प्राणी जातो.

आणि हे आपल्यापासून लांबचं नाहीये. २६ जानेवारी १९८१ ला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, म्हणजे दोना पावलाच्या एनआयओच्या, गवेषणी नावाच्या जहाजाने समुद्रतळावरून असेच गोटे पहिल्यांदा वर आणले. त्यातूनच पुढे भारताला मध्य हिंद महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र शोधकामासाठी मिळालं, देशांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रतळावरच्या खाणकामाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय सीबेड अथॉरिटीशी करार करून. १९९७ मध्ये तिथे तळ मुद्दाम ढवळून बघायचा प्रयोग पण झाला, की गाळ उडाल्यावर जीवांचं काय होतं आणि सावरायला किती वेळ लागतो. म्हणजे भारत या विषयात सुरुवातीपासून आहे. खनिजांच्या टनांचा आकडा आपल्याकडे पेपरमध्ये येतो, ३८ कोटी टन गोटे वगैरे, पण त्याच चिखलात अ‍ॅम्फिपॉड किती प्रकारचे आहेत हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं, आणि माझ्या मते दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापून यायला हवेत. जैवविविधतेचा आकडा काढायचा तर त्या गटाचं वर्गीकरण येणारी माणसं लागतात, आणि ती तयार व्हायला वर्षं लागतात, कोर्स करून सर्टिफिकेट घेतलं आणि झालं असं हे काम नाही.

काम वेगाने कसं करायचं याचा एक मार्ग मात्र दिसतोय. सीबेड अथॉरिटीने २०३० पर्यंत खोल समुद्रातल्या हजार नव्या प्रजातींचं वर्णन व्हावं असा एक उपक्रम काढलाय. त्याअंतर्गत पोलंडच्या वूच शहरातल्या विद्यापीठात २०२४ मध्ये अ‍ॅना याझजेव्स्का आणि साउथॅम्प्टनच्या टॅमी हॉर्टन यांनी अ‍ॅम्फिपॉडवाल्यांना एका जागी बसवलं, मुरलेले तज्ज्ञ आणि नुकतेच शिकणारे एकाच खोलीत. क्लॅरियन-क्लिपरटनचे नमुने टेबलावर, एक जण तोंडाचे भाग सोडवतोय, दुसरा चित्र काढतोय, तिसरा जुने पेपर उघडून बसलाय, आणि शंका आली की उत्तर देणारा शेजारीच. एरवी जो प्रश्न ईमेलवर तीन आठवडे लोंबकळतो तो तिथल्या तिथे सुटतो. त्यातून २४ नव्या प्रजातींची वर्णनं झूकीज या जर्नलमध्ये एकत्र आली, आणि त्यातला एक प्राणी तर इतका वेगळा की त्याच्यासाठी जीनसच्याही वरचे गट नव्याने काढावे लागले. इतकी वर्षं बरण्यांत तो होताच, बघणारी माणसं एकत्र आल्यावर दिसला.

कुणाला यात पुढे वाचायचं असेल तर हॉर्टन आणि इतर तज्ज्ञ मिळून सांभाळतात तो अ‍ॅम्फिपॉडचा जागतिक डेटाबेस ऑनलाइन फुकट उघडा आहे, त्यात कुठलंही नाव टाका, ते कुणी, कधी दिलं ते दिसतं. झूकीजचे पेपर पण सगळ्यांना मोफत वाचता येतात. पेपर उघडलात तर आधी चित्रांची पानं बघा, मग "मटेरियल एक्झामिन्ड" नावाचा भाग, तिथे होलोटाइप कुठल्या म्युझियममध्ये कुठल्या नंबरखाली ठेवलाय ते लिहिलेलं असतं. झूऑलॉजी शिकणारं कुणी घरात असेल तर त्याला किंवा तिला ही पानं जरूर दाखवा, कारण मध्य हिंद महासागराच्या चिखलातल्या अ‍ॅम्फिपॉड्सवर बसणारं कुणीतरी लागणारच आहे.